सांख्यिकी अध्यापनात संवादी संगणकीय साधनांचा उपयोग

प्रस्तावना :
पदवी स्तरावर सांख्यिकी शिकविताना तासिकेचा मोठा भाग आकडेमोडीत जातो. विद्यार्थी सूत्रात किमती घालून सहसंबंध गुणांक अचूक काढतो. परंतु त्या गुणांकावरून कोणता निष्कर्ष काढता येतो व कोणता नाही, हे त्याला उमगतेच असे नाही. संवादी साधनांचे खरे प्रयोजन ही उणीव भरून काढणे हे होय.

अँस्कोम्ब यांचे चार संच :
फ्रान्सिस अँस्कोम्ब यांनी १९७३ मध्ये प्रत्येकी ११ जोड्यांचे चार संच प्रसिद्ध केले. चारही संचांत 'क्ष'चा मध्य ९, 'य'चा मध्य सुमारे ७.५, सहसंबंध गुणांक सुमारे ०.८२ आणि समाश्रयण रेषा जवळजवळ य = ३ + ०.५ क्ष अशीच येते. आलेख मात्र सर्वस्वी भिन्न आहेत. पहिल्यात बिंदू रेषेभोवती विखुरलेले, दुसऱ्यात ते वक्रावर, तर तिसऱ्यात एक बिंदू वगळता सर्व एका सरळ रेषेत आहेत. चौथ्यात दहा बिंदूंचा 'क्ष' ८ असून अकराव्याचा १९ आहे.

'आर' या मुक्त संगणक प्रणालीत हे संच उपलब्ध आहेत. 'जिओजेब्रा'त बिंदू प्रत्यक्ष सरकविता येतात. तिसऱ्या संचातील वेगळा बिंदू वगळताच गुणांक १ च्या अगदी जवळ जातो. चौथ्यातील अकरावा बिंदू काढल्यास 'क्ष'मध्ये विचरणच उरत नाही व गुणांक काढताच येत नाही. संपूर्ण सहसंबंध एका बिंदूवर उभा होता, हे विद्यार्थ्यास स्वतःच्या कृतीतून कळते.

नमुना निवड :
नमुन्याचा आकार २५ वरून १०० केल्यास मध्याची प्रमाण त्रुटी निम्मी होते, हे सूत्र पाठ असते. संगणकावर दोन्ही आकारांचे हजार-हजार नमुने काढून त्यांच्या मध्यांचे आयतालेख शेजारी ठेवल्यास तो नियम डोळ्यांना दिसतो.

अध्यापकाची भूमिका :
केवळ पडद्यावर हालचाल पाहणे म्हणजे शिकणे नव्हे. बिंदू हलविण्यापूर्वी विद्यार्थ्याने आपला अंदाज लिहावा, नंतर कृती करावी आणि फरक पडल्यास त्याचे कारण मांडावे. एकच संगणक व प्रक्षेपक असलेल्या वर्गातही हा क्रम पाळता येतो. सूत्राची ओळख व्हावी म्हणून एखादे लहान उदाहरण हाताने सोडविणेही आवश्यकच आहे.

समारोप :
परीक्षेत केवळ आकडेमोडीलाच गुण मिळत राहिले, तर विद्यार्थी ही साधने करमणूक म्हणूनच पाहतील. म्हणून अध्यापनाबरोबरच प्रश्नपत्रिकेतही आलेखाचे वाचन व निष्कर्षाची मीमांसा यांना स्थान देणे अगत्याचे आहे.