फुफ्फुसाचा कर्करोग : कारण कशाला म्हणायचं?

मी डॉक्टर आहे, पण तत्त्वज्ञानातला. त्यामुळे औषध लिहून देणार नाही. ‘कारण’ या शब्दावर बोलणार आहे.

माझे एक शेजारी, निवृत्त शिक्षक. खोकला हटेना म्हणून क्षयाची औषधं सुरू झाली. त्यात काही महिने गेले आणि मग फुफ्फुसाचा कर्करोग निघाला. भेटायला येणारा जो तो विचारी, “सिगारेट ओढायचात का हो?” त्यांनी विडीलाही कधी हात लावला नव्हता. मला म्हणाले, “सर, आजार झाला तो झाला, आता खुलासेही मीच देत बसायचे का?”

आता बघा, धूम्रपान हे या रोगाचं सर्वांत मोठं कारण आहे, यात शंका नाही. 1950 साली रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांत कर्करोगाच्या आणि इतर रुग्णांची तुलना केली. 1951 पासून तर ब्रिटिश डॉक्टरांच्याच सवयींचा वर्षानुवर्षं माग ठेवला. आपले नैयायिक ज्याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात, तसंच काहीसं दिसलं : सिगारेट जास्त तर धोका जास्त, सोडली की धोका हळूहळू उतरतो.

पण न्यायशास्त्रातलंच उदाहरण घ्या. धूर तिथे अग्नी, हे खरं. अग्नी तिथे धूर, हे मात्र खरं नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. तसंच, सिगारेटनं कर्करोग होतो यावरून प्रत्येक कर्करोगामागे सिगारेट आहे, असं ठरत नाही. दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर, चुलीचा धूर, डिझेलचा धूर, हवेचं प्रदूषण, ॲस्बेस्टॉस, रेडॉन वायू हीही कारणं आहेत. काही वेळा तर कारण हाती लागतच नाही.

लक्षणं साधी असतात, म्हणून फसवी. तीन आठवड्यांहून जास्त टिकणारा खोकला, थुंकीतून रक्त, धाप, छातीत दुखणं, आवाज बसणं, वजन घटणं. क्षयातही यातलं बरंच दिसतं. म्हणून एक्स-रेवर थांबू नये. शंका असेल तर सीटी स्कॅन आणि गाठीचा तुकडा काढून तपासणी, म्हणजे बायोप्सी, करावी लागते.

रोग लवकर कळला तर शस्त्रक्रियेनं बराही होऊ शकतो. पुढच्या टप्प्यांत किरणोपचार, केमोथेरपी, इम्युनोथेरपी असते. गाठीतल्या पेशींत ठरावीक जनुकीय बदल सापडला, तर त्यावर नेमक्या गोळ्याही आहेत. आणि असे बदल धूम्रपान न करणाऱ्यांत जास्त आढळतात.

तेव्हा यापुढे कुणी खोकताना दिसलं तर “ओढता का?” एवढंच विचारून थांबू नका. “किती दिवस झाले? तपासून घेतलंत का?” हेही विचारा.