ब्रेकचं पेडल मऊ लागतंय? लायनरला दोष देऊ नका

पेडल मऊ लागायला लागलं की निदान घरबसल्या होतं: "लायनर संपले असतील." बहुतेकदा ते चुकतं. डिस्क ब्रेकचे पॅड झिजतात तसा कॅलिपरमधला पिस्टन पुढे सरकून राहतो. टाकीतलं ब्रेक ऑइल थोडं उतरतं, पेडल मात्र होतं तिथंच राहतं. मागच्या ड्रममधले लायनर ढिले पडले तर पेडल खाली जातं हे खरं, पण खाली गेल्यावर ते कडकच लागतं. पाय गादीवर पडल्यासारखा वाटत असेल, तर संशय ऑइलच्या लाइनवर घ्या. द्रव जवळजवळ दाबला जात नाही, म्हणून तर पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. लाइनमध्ये हवा शिरली की तो जोर हवा दाबण्यातच खर्ची पडतो.

"दोनदा पंप मारला की लागतो की ब्रेक!" सगळ्यात घातक समजूत हीच. पंप मारून पेडल वर येणं हेच दुखण्याचं लक्षण आहे, आणि समोर अचानक म्हैस आडवी आली तर दुसऱ्यांदा पाय मारायला वेळ कुठला? सपाट जागी गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून, पेडल अर्धा मिनिट एकसारखं दाबून धरा. ते हळूहळू बुडत गेलं तर कुठेतरी गळती आहे. टायरच्या आतल्या बाजूला ओल शोधा. ओल नाही, टाकीतली पातळीही तीच, तर मास्टर सिलिंडरचं सील आतल्या आत गळत असण्याची शक्यता मोठी. इंजिन चालू करताना पेडल जरासं खाली जातं, तो मात्र बूस्टरचा धर्म. त्याला घाबरू नका.

"ऑइल टॉप-अप केलं की झालं" हेही खोटं. ब्रेक ऑइल जळत नाही. ते कमी झालं म्हणजे एकतर पॅड झिजलेत किंवा गळती आहे, आणि वरून ओतल्याने लाइनमधली हवा निघत नाही. त्यासाठी ब्लीडिंगच करावं लागतं.

शिवाय हे ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ३.७ टक्के पाणी मुरलं की ती मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. आंबोलीसारखा घाट सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ऑइल उकळून वाफ होते आणि पेडल एकदम पोकळ लागतं. खाली चहाला थांबेपर्यंत ते थंड होतं, पेडल पूर्ववत होतं, आणि मालक म्हणतो, "काही नव्हतं, उगाच घाबरलो." बऱ्याच कंपन्या दर दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात ते याचसाठी. घाट खालच्या गिअरमध्येच उतरायचा.

चालत्या गाडीत पेडल तळाला गेलं तर "इंजिन बंद करा" हा सल्ला ऐकू नका. बूस्टरची मदत जाते, स्टीअरिंग जड होतं, किल्ली काढली तर लॉकही होतं. भराभर पंप मारा, मग पूर्ण जोर लावा. बहुतेक गाड्यांत दोन स्वतंत्र सर्किट असतात आणि एक गेलं तरी दुसरं काही प्रमाणात धरतं. एकेक गिअर उतरवा. हँडब्रेकचं बटण दाबूनच ठेवा आणि तो हळूहळू ओढा. एकदम खेचलात तर मागची चाकं घसरतील. थांबलात की गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत नेऊ नका, क्रेन बोलवा.