जेट स्कीची फेरी आणि बुडणारं बेट

दक्षिण पॅसिफिकमध्ये, फ्रेंच पॉलिनेशियात, बोरा बोरा नावाचं बेट आहे. तिथं जाणारे बरेच पर्यटक एक गोष्ट करतात: गाईडच्या मागोमाग जेट स्कीवरून सगळ्या बेटाला फेरी. साधारण दोन तास लागतात. मधे एखाद्या छोट्या बेटावर थांबा असतो, तिथं नारळ फोडून दाखवतात, फोटो होतात आणि मग निघालो तिथंच परत. या फेरीचे व्हिडिओ ढिगानं आहेत. जमलं तर एखादा बघून घ्या, कारण आजचा लेख त्याच वाटेनं जाणार आहे.

आता प्रश्न असा. जवळच्या खंडापासून हजारो किलोमीटर लांब, भर महासागरात असलेल्या बेटाभोवती अगदी नवशिक्या माणसालाही जेट स्की चालवता येते, ती कशी? बाहेर पॅसिफिकच्या मोठ्या लाटा आहेत, आत पाणी तळ्यासारखं. बरं, हे शांत पाणी एखाद्या खाडीपुरतं नाही, बेटाच्या चहूबाजूंनी आहे.

पर्यटकानं 'काय सुंदर आहे!' म्हणून पुढं जायला हरकत नाही. पण पीएच.डी.ची तयारी करणाऱ्यानं अशाच ठिकाणी थांबायची सवय लावून घ्यावी. कारण या साध्या प्रश्नामागे एक गृहीतक आहे, ते तपासायला शंभराहून जास्त वर्षं गेली, आणि त्यातला एक भाग अजूनही वादात आहे.

आधी फेरी समजून घेऊ

बोरा बोराच्या मधोमध ओतेमानू नावाचा काळाकभिन्न सुळका आहे, उंची ७२७ मीटर. हा विझलेल्या आणि झिजलेल्या ज्वालामुखीचा उरलेला भाग. पश्चिमेला तोओपुआ नावाचं छोटं बेट आहे, तेही त्याच ज्वालामुखीचा तुकडा. या सगळ्याभोवती लगून, म्हणजे उथळ खाऱ्या पाण्याचं कडं. आणि लगूनच्या बाहेर प्रवाळांची भिंत. लाटा या भिंतीवर फुटतात, म्हणून आत शांतता. भिंतीवर, विशेषतः उत्तर आणि पूर्व बाजूला, लाटांनी टाकलेला प्रवाळांचा चुरा आणि वाळू साठून सपाट बेटं तयार झाली आहेत. त्यांना मोटू म्हणतात. विमानतळसुद्धा मोटूवरच आहे.

भिंतीत मोठ्या बोटींना आत येता येईल अशी वाट एकच, पश्चिमेला, तेआवानुई नावाची. लाटांमुळे भिंतीवरून जे पाणी आत पडतं ते कुठून तरी बाहेर जायला हवं. ते अशा फटीतून जातं. सोसायटी बेटांच्या या भागात भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूटभर असतो, त्यामुळे पाण्याच्या या ये-जा करण्यात लाटांचा वाटा मोठा. गाईड ग्रुपला अशा फटीपासून लांब ठेवतो, ते उगाच नाही.

गाईड पाण्याच्या रंगावरूनही वाट ठरवतो. पाणी लाल प्रकाश आधी शोषतं, निळा सर्वात शेवटी. उथळ जागी पांढऱ्या वाळूवरून प्रकाश परत येतो म्हणून फिकट हिरवा-निळा रंग दिसतो, खोल जागी गडद निळा. तपकिरी ठिपके दिसले तर तिथं बहुतेक प्रवाळाचे खडक. जेट स्की खालून पाणी ओढते आणि मागच्या नळीतून जोरात फेकते. फार उथळ पाण्यात गेली तर वाळू आणि प्रवाळाचे तुकडेही आत खेचले जातात. आणखी एक: जेट स्की वळते ती मागच्या फवाऱ्याची दिशा बदलल्यामुळे. घाबरून थ्रॉटल सोडलं की फवारा बंद, आणि बऱ्याच मशीनमध्ये वळण्याची ताकदही जवळजवळ बंद. समोर काही आलं की हात सोडून देणं ही नवशिक्याची पहिली प्रतिक्रिया असते आणि नेमकी तीच घातक ठरते. म्हणून एका रांगेत, अंतर ठेवून, गाईडच्या मागे.

तीन बेटं शेजारी ठेवून बघा

आता हीच फेरी दुसऱ्या बेटांवर करायची म्हटलं तर?

बोरा बोराच्या आग्नेयेला, सुमारे २५० किलोमीटरवर ताहिती आहे. उंच, तरुण बेट. सर्वोच्च शिखर २,२४१ मीटर. तिथली प्रवाळभिंत किनाऱ्याच्या जवळ आहे आणि मधे मधे तुटलेली. अख्ख्या बेटाला शांत पाण्यातून फेरी मारणं तिथं जमत नाही. उलट बोरा बोराच्या पश्चिमेला बरंच पुढं गेलात तर मोपेलिया लागतं. तिथं लगून आहे, भिंत आहे, पण मधला डोंगरच नाही. अशा रिकाम्या कड्याला अ‍ॅटॉल म्हणतात, मराठीत कंकणद्वीप. तिथं जेट स्की फिरवता येईल, पण फेरी मारायची कशाला? मधे काहीच नाही.

म्हणजे 'शांत पाण्यातून बेटाला फेरी' ही गोष्ट मधल्याच अवस्थेत शक्य आहे. डोंगर अजून शिल्लक हवा आणि भिंत त्याच्यापासून लांब गेलेली हवी.

'अवस्था' हा शब्द मी आत्ता किती सहज वापरला बघा. तीन वेगवेगळी बेटं दाखवली आणि ती एकाच प्रवासाचे तीन टप्पे आहेत असं गृहीत धरलं. संशोधनात या पद्धतीला जागेच्या बदल्यात काळ वाचणं म्हणतात. लाखो वर्षं थांबून बघता येत नाही, म्हणून वेगवेगळ्या वयाच्या गोष्टी शेजारी ठेवायच्या. पद्धत उपयोगी आहे, पण तिच्यात धोकाही आहे: ती बेटं खरंच एका माळेतली आहेत हे वेगळ्या पुराव्यानं दाखवावं लागतं.

डार्विनचा अंदाज

ही माळ पहिल्यांदा ओवली चार्ल्स डार्विननं. गंमत म्हणजे, त्यानं आत्मचरित्रात लिहिलंय की खरी प्रवाळभिंत पाहण्याआधीच, दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर असताना, त्याच्या डोक्यात हा सिद्धांत तयार झाला होता. तिथं जमीन वर उचलली जाते याच्या खुणा त्याला दिसत होत्या. मग दुसरीकडे समुद्रतळ खाली जात असेल का? नोव्हेंबर १८३५ मध्ये तो ताहितीला पोचला, डोंगरावर चढला आणि समोर मोओरेआ बेट त्याच्या लगूनसकट पाहिलं. बोरा बोराला तो गेला नाही, पण प्रवासवर्णनात या बेटाचं चित्र त्यानं घेतलं. १८४२ मध्ये प्रवाळभिंतींवरचं त्याचं पुस्तक आलं.

युक्तिवाद असा. भिंत बांधणाऱ्या प्रवाळांना उजेड लागतो, म्हणून ते उथळ पाण्यातच वाढतात. बेट हळूहळू खचत असेल आणि प्रवाळ त्याच वेगानं वर वाढत असतील, तर भिंत जागच्या जागी उंच होत राहील आणि डोंगर आत आत लहान होत जाईल. आधी किनाऱ्याला चिकटलेली भिंत, मग मधे लगून, शेवटी नुसतं कडं.

बेट खचतं का, याचं आजचं उत्तर डार्विनकडे नव्हतं. सोसायटी बेटं एका हॉटस्पॉटवर तयार झाली आणि पॅसिफिक प्लेट त्यांना वर्षाला साधारण ११ सेंटिमीटर वेगानं वायव्येकडे नेते. लांब जाताना प्लेट थंड होते आणि खाली बसते. इथं तुम्हीच हिशेब करा: २५० किलोमीटर भागिले ११ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे २३ लाख वर्षं. ताहितीचे खडक साधारण १५ लाख वर्षांच्या आतले आहेत, बोरा बोराचे ३० लाखांच्या वरचे. ढोबळ हिशेब जुळतो. माळेसाठी हवा होता तो वेगळा पुरावा हाच.

भोक पाडायला किती वर्षं लागली?

चांगलं गृहीतक स्वतःच सांगतं की मला कसं तपासा. डार्विन बरोबर असेल तर अ‍ॅटॉलखाली प्रवाळाच्या चुनखडीचा खूप जाड थर असला पाहिजे आणि त्याखाली ज्वालामुखीचा खडक. प्रवाळ काही दहा मीटर खोलीपर्यंतच नीट वाढतात. मग शेकडो मीटर खोलवर उथळ पाण्यातले जीव सापडले तर तळ खचला असं म्हणावं लागेल. विरोधकांमध्ये जॉन मरे होते. त्यांचं म्हणणं, खचण्याची गरजच नाही. समुद्रातल्या उंचवट्यांवर गाळ साचून ते उथळ होतात आणि त्यावर प्रवाळ बसतात.

१८८१ मध्ये डार्विननं अलेक्झांडर अगासिझ यांना पत्र लिहिलं. आशय असा की कुणी तरी कोट्यधीशानं एखाद्या अ‍ॅटॉलमध्ये ५००-६०० फूट भोक पाडून नमुने आणावेत. पुढच्याच वर्षी तो वारला. मग १८९६ ते १८९८ या काळात रॉयल सोसायटीनं फुनाफुटी अ‍ॅटॉलवर भोक पाडलं. सुमारे ३४० मीटर, म्हणजे डार्विननं मागितलं होतं त्याच्या जवळपास दुप्पट. निकाल? प्रवाळच प्रवाळ, पण ज्वालामुखीचा खडक लागलाच नाही. विरोधक म्हणाले, हा भिंतीवरून घसरलेला चुरा असू शकतो. वाद तसाच राहिला.

इथं जरा थांबा. प्रयोग यशस्वी झाला, डेटा चांगला आला, आणि तरीही प्रश्न सुटला नाही, कारण तो डेटा दोन्ही गृहीतकांना चालत होता. सिनॉप्सिस लिहिताना स्वतःला हा प्रश्न जरूर विचारा: माझा निकाल समोरच्या गृहीतकालाही चालणार असेल, तर मी नक्की काय तपासतोय?

निर्णायक भोक १९५२ मध्ये पडलं, मार्शल बेटांमधल्या एनेवेटाक अ‍ॅटॉलवर. तिथं अमेरिका अणुचाचण्या करत होती. सुमारे १,३०० ते १,४०० मीटर चुनखडी, तिच्यात उथळ पाण्यातल्या जीवांचे अवशेष, आणि खाली बेसॉल्ट. पुस्तकानंतर ११० वर्षांनी.

मग वाद संपला का?

अर्धाच. बेटं खचतात हे नक्की झालं. पण आज दिसणारा आकार, म्हणजे उंच कडा आणि मधे खोलगट लगून, खचण्यामुळेच आला का? हिमयुगांत समुद्राची पातळी पुन्हा पुन्हा खाली-वर झाली. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी ती आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. तेव्हा बोरा बोराचं लगून कोरडं होतं. जेट स्कीची ही फेरी पायी करावी लागली असती. उघड्या पडलेल्या चुनखडीला पावसाचं पाणी झिजवतं, मधला भाग खोलगट होतो, आणि समुद्र परत वर आला की कडेवर प्रवाळ वाढतात. रेजिनाल्ड डेली यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हिमयुगांवर बोट ठेवलं होतं. २०२१ मध्ये आंद्रे ड्रॉक्सलर आणि स्टेफान जोरी यांनी आधुनिक अ‍ॅटॉलसाठी डार्विनचं चित्र अपुरं आहे असं सविस्तर मांडलं. पाठ्यपुस्तकात मात्र अजून तीन आकृत्यांची तीच माळ असते.

हे आज का महत्त्वाचं

सगळी फेरी ज्या भिंतीच्या आडोशानं होते ती भिंत जिवंत आहे. ती वाढत राहिली तरच लाटा बाहेर राहतील. एनेवेटाकचा हिशेब करा: सुमारे १,४०० मीटर, साधारण ५ कोटी वर्षांत. सरासरी वर्षाला ०.०३ मिलिमीटर. आज जगभरात समुद्र वर्षाला ४ मिलिमीटरच्या आसपास वाढतोय, म्हणजे शंभरपटीहून जास्त. झालं, भिंती बुडणार!

पण घाई नको. ताहितीजवळ २००५ मध्ये समुद्रतळातून काढलेल्या प्रवाळांच्या नमुन्यांवरून दिसतं की सुमारे १४,५०० वर्षांपूर्वी समुद्र साडेतीनशे वर्षांत १४ ते १८ मीटर चढला. वर्षाला ४० मिलिमीटरहून जास्त! तरीही ताहितीला आज प्रवाळभिंत आहे. म्हणजे नुसता वेग तुलनेला पुरत नाही. फरक कुठं आहे? तेव्हा आजच्यासारखं तापलेलं पाणी नव्हतं. पाणी फार तापलं की प्रवाळ पांढरे पडतात; २०१९ मध्ये मोओरेआला हे मोठ्या प्रमाणावर झालं. अशक्त प्रवाळ वाढत्या समुद्राबरोबर किती टिकतील, हा आजचा खरा प्रश्न. त्याला एका आकड्याचं उत्तर नाही.

गृहपाठ

आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. तो ज्या हॉटस्पॉटशी जोडतात त्याचीच पुढची वाट मालदीव, चागोस, मॉरिशस आणि शेवटी रियुनियनपर्यंत जाते असं मानलं जातं. रियुनियनचा ज्वालामुखी आजही जागा आहे, मॉरिशसला लगून आहे, मालदीव आणि चागोसला नुसती कडी. नकाशा उघडा आणि कागदावर तीन रकाने करा: मला काय दिसतं, त्यावरून मी काय समजतोय, आणि कोणता पुरावा मिळाला तर माझं समजणं चुकीचं ठरेल. पहिले दोन रकाने पटकन भरतात. तिसऱ्याला वेळ लागतो. तो रिकामा असेल तर सिनॉप्सिस लिहायला बसू नका, अजून थोडं वाचा.