मॉन्टेरेच्या किनाऱ्यानं, सायकलवर

उन्हाळा आला की आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे भारतातून आई-वडील येतात. पहिले पंधरा दिवस गोल्डन गेट, डिस्नेलँड आणि भेटीगाठींत जातात. मग आपण कामावर, मुलं शाळेत आणि ती दोघं खिडकीत!

माझे बाबा पुण्याचे. नोकरीची पस्तीस वर्षं ते रोज सायकलनं कारखान्यात गेले. इथे मात्र दूध आणायलासुद्धा कुणीतरी गाडीतून न्यावं लागे. एका संध्याकाळी म्हणाले, "अगं, मी इथे पार्सलसारखा आहे. कुणी उचललं तर हलायचं." त्याच शनिवारी आम्ही मॉन्टेरेला गेलो.

सॅन होजेपासून गाडीनं दीड तास. तिथे कॅस्ट्रोव्हिल ते पॅसिफिक ग्रोव्ह असा १८ मैलांचा सायकलमार्ग आहे. ही मूळची सदर्न पॅसिफिक रेल्वेची वाट. मॉन्टेरेची शेवटची प्रवासी गाडी १९७१ साली बंद झाली. आगगाडीला मोठा चढ चालत नाही, म्हणून वाट सपाट. गुडघे दुखणाऱ्यांना ही मोठीच सोय! आम्ही फिशरमन्स वॉर्फ ते लव्हर्स पॉइंट हा सर्वांत देखणा, दोनेक मैलांचा तुकडा निवडला. बाबांना सायकल घेतली, तर आई आणि मुलांसाठी छताची, चार चाकांची, पायडल मारायची गाडी. आई त्यात अगदी टांग्यात बसल्यासारखी बसली.

ही वाट सर्वांची आहे. चालणारे, धावणारे, बाबागाड्या, स्केटिंग करणारी मुलं, सगळे एकत्र. नियम साधा: उजवीकडून चालायचं आणि पुढच्याला हाक देऊन डावीकडून पुढे जायचं. मी बाबांना तो सांगितलाही होता. पण जन्मभराची सवय! समोरून एक लहान मुलगा सायकलवर आला आणि बाबा आपसूक डावीकडे वळले, थेट त्याच्या समोर. मी ओरडले. दोघांनी ब्रेक दाबले. मुलगा वाचला, बाबा पडले. गुडघा खरचटला, पण खरं लागलं ते मनाला. बाकावर बसून म्हणाले, "परत देऊन टाक सायकल. वय झालं माझं."

समोर पाण्यात एक सी ऑटर उताणा पडून पोटावर शिंपला फोडत होता. मुलांनी आजोबांना तो दाखवला. या प्राण्याच्या अंगावर चरबीचा थर नसतो, दाट केसच त्याला थंडीपासून वाचवतात. एका चौरस इंचात दहा लाखांपर्यंत! त्याच केसांपायी त्यांची एवढी शिकार झाली, की कॅलिफोर्नियातून ते संपलेच असं लोक समजत होते. १९३८ साली बिग सरजवळ पन्नासेक सापडले. आजचे सगळे त्यांचेच वंशज. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, गुडघ्याला रुमाल बांधला आणि उठले. "उजवी, उजवी" असं पुटपुटत पुन्हा टांग मारली.

पुढे कॅनरी रो. सार्डिन मासळी डब्यांत भरण्याचे कारखाने इथे होते. १९४० नंतरच्या दहा-बारा वर्षांत मासळी आटली आणि धंदा बसला. अशाच एका कारखान्याच्या जागी १९८४ साली मत्स्यालय उघडलं. त्यापलीकडे कुंपणाआड वाळूवर सील पहुडलेले दिसतात. वसंतात सोबत पिल्लंही असतात. लव्हर्स पॉइंटला बाबा आमच्याआधी पोचले होते!

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. सकाळी धुकं असतं, स्वेटर न्या. अठरा वर्षांखालील मुलांना हेल्मेट कायद्यानं सक्तीचं आहे, मोठ्यांनीही घालावं. इथे डाव्या हाताचा ब्रेक बहुधा पुढच्या चाकाचा असतो, तो निघण्यापूर्वी तपासा. आणि भारतातून आलेल्यांना आधी मोकळ्या जागेत उजवीकडून चालवायचा सराव द्या. मी दिला नाही, ती चूक माझी.

परतताना गाडीत बाबांनी एवढंच विचारलं, "पुढचा शनिवार मोकळा आहे ना?"

तीन-चार कुटुंबांना मिळून जायचं असेल, तर पुढच्या कार्यक्रमात मला जरूर भेटा. आजी-आजोबांना मात्र घरी ठेवू नका!