एका दिवसाची फेरी, कायमचे वचन

परोपकारासाठी सायकल चालविण्याची प्रथा अमेरिकेत चांगलीच रुजली आहे. १९८० साली मॅसॅच्युसेट्स राज्यात ३६ सायकलस्वारांनी कर्करोगावरील संशोधनासाठी ‘पॅन-मास चॅलेंज’ ही फेरी काढली, तेव्हा जेमतेम दहा हजार डॉलर जमले होते. २०२४ पर्यंत त्याच फेरीने उभ्या केलेल्या निधीची बेरीज शंभर कोटी डॉलरांपलीकडे गेली. अशा फेरीचे गणित सोपे असते. भाग घेणारा प्रवेशशुल्क भरतो, शिवाय आप्तेष्टांकडून आपल्या श्रमाच्या नावाने देणगी गोळा करतो. देणाऱ्याला सत्कार्याचे समाधान मिळते आणि सायकल चालविणाऱ्याला घाम गाळण्यास एक कारण मिळते.

या परंपरेला आता एक नवी शाखा फुटली आहे. जमिनीच्या जतनासाठी स्थापन झालेल्या काही विश्वस्त संस्था डांबरी रस्ता सोडून खडीच्या ग्रामीण रस्त्यांवर सायकलफेऱ्या भरवू लागल्या आहेत. रोग्याच्या नावाने हात पुढे केला की माणसाचे मन द्रवते. परंतु गवताच्या, ओढ्याच्या किंवा चराऊ कुरणाच्या नावाने कोणाचे मन द्रवावे? जमीन कण्हत नाही. ती विकली जाते, तिचे तुकडे पडतात, तिच्यावर घरे उभी राहतात, आणि पुढच्या पिढीला तेथे पूर्वी काही वेगळे होते याची कल्पनाही नसते. म्हणूनच या फेऱ्यांकडे हौशी लोकांचा खेळ म्हणून पाहून चालणार नाही. अशा एका दिवसाच्या उत्साहाने जमिनीचे खरोखर काही भले होते काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

त्याचे उत्तर शोधण्यास कॅन्सस राज्यातील फ्लिंट हिल्स हा प्रदेश योग्य ठरेल. उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी एके काळी सुमारे १७ कोटी एकरांवर उंच गवताची प्रेअरी पसरली होती. नांगराने ती जवळजवळ सगळी गिळली. आज तिचा चार टक्क्यांहूनही कमी भाग उरला आहे आणि त्यातील बहुतेक या टेकड्यांत आहे. तो उरला तो कोणाच्या दूरदृष्टीमुळे नव्हे, तर दगडामुळे. १८०६ साली झेब्युलन पाइक या शोधप्रवाशाने या टेकड्यांना चकमकीच्या दगडाचे नाव दिले. चुनखडीत रुतलेल्या त्या दगडाने पातळ मातीत नांगर चालू दिला नाही; म्हणून येथे शेतकऱ्याऐवजी गुराखी स्थिरावला आणि गवत वाचले. तोच धारदार दगड आज खडीच्या रस्त्यांवर सायकलींचे टायर फाडतो. कॅन्ससमध्ये सुमारे १ लाख ४० हजार मैलांचे सार्वजनिक रस्ते आहेत आणि त्यांतील बहुसंख्य बिनडांबरी आहेत. २००६ साली एम्पोरिया या गावातून अवघे ३४ स्वार दोनशे मैलांच्या शर्यतीला निघाले; आज ‘अनबाउंड ग्रॅव्हल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या शर्यतीसाठी हजारो लोक येतात. ती शर्यत धर्मादाय नव्हे. २०१८ पासून ती एका व्यापारी कंपनीच्या मालकीची आहे. परंतु नापीक म्हणून मागे राहिलेल्या प्रदेशाचा कच्चा रस्ता हेसुद्धा एक आकर्षण होऊ शकते, हे तिने सिद्ध केले.

दगडाने नांगर अडविला, तो बंगल्यांना आणि पवनचक्क्यांच्या मनोऱ्यांना अडवीलच असे नाही. तेथे कायद्याचा आधार लागतो. शेतातून जाण्यायेण्याचा वहिवाटीचा हक्क मराठी शेतकऱ्याला ठाऊक आहे. जमीन एकाची, तिच्यावरून जाण्याचा हक्क दुसऱ्याचा. जमीन विकली म्हणून तो हक्क बुडत नाही. अमेरिकेतील संवर्धन-सुविधाधिकार हा याच कल्पनेचा विस्तार होय. मात्र येथे मालक दुसऱ्याला वाट देत नाही. आपण आणि आपल्यामागून येणारा कोणीही मालक या जमिनीचे भूखंड पाडणार नाही, तिच्यावर वसाहत उभारणार नाही, असे बंधन तो स्वीकारतो. ते पाळले जाते की नाही हे पाहण्याचा अधिकार विश्वस्त संस्थेकडे किंवा सरकारी खात्याकडे जातो. मालकाला मोबदला किंवा आयकरात सवलत मिळते, गुरे पूर्ववत चरत राहतात. विल्यम व्हाइट या लेखकाने १९५९ साली या कल्पनेचा पुरस्कार केला. २०२० अखेरपर्यंत अमेरिकेतील विश्वस्त संस्थांनी या व इतर मार्गांनी जतन केलेले क्षेत्र सहा कोटी एकरांवर गेले होते.

या कराराचे मर्म ‘कायमचे’ या एका शब्दात आहे, आणि त्याची अडचणही तीच आहे. करार होतो त्या दिवशी सह्या होतात, छायाचित्रे निघतात. त्यानंतर दरवर्षी कोणीतरी त्या जमिनीवर जाऊन कुंपणे, ओढे, नवी बांधकामे पाहून टिपण करावे लागते. मूळ मालक वारला, वारसांना बंधन जाचू लागले, की कोर्टाची पायरी चढावी लागते. फ्लिंट हिल्समध्ये तर कागद पुरेसा नाहीच. वसंत ऋतूत वणवा लावून गवत जाळले नाही, तर सीडारची झाडे कुरणात घुसतात आणि काही दशकांत प्रेअरी नाहीशी होते. हा खर्च लहान असतो, पण तो कधी संपत नाही. जमिनीच्या खरेदीसाठी सरकार आणि मोठे दाते पैसे देतात. शंभराव्या वर्षीच्या पाहणीसाठी कोण देणार? सायकलफेरीच्या निधीचे खरे स्थान येथे आहे. तिच्या उत्पन्नात मोठी जमीन विकत येणार नाही. पण पाहणी, कज्जे आणि वणवे यांसाठी दरवर्षी पुन्हा जमणारा पैसा हाच योग्य पैसा होय.

अर्थात या व्यवस्थेवर आंधळा विश्वास ठेवण्याचे कारण नाही. करसवलतीचा गैरफायदा घेऊन गुंतवणूकदारांच्या काही गटांनी स्वस्तात घेतलेल्या जमिनींचे मूल्य कागदावर फुगविले आणि भरमसाट वजावटी मागितल्या. अखेर २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकन काँग्रेसला कायदा करून, गुंतवणुकीच्या अडीच पटींहून अधिक वजावट मागणाऱ्या अशा भागीदारी व्यवहारांना पायबंद घालावा लागला. ज्या संस्थेचे काम लोकांनी पाहिलेले असते, जिच्या जमिनीच्या कडेने शेकडो माणसे वर्षातून एकदा जातात, तिच्याबाबत असा कागदी खेळ अधिक कठीण होतो. वर्गणीदार हा एक प्रकारचा साक्षीदारही असतो.

दुसरा प्रश्न स्थानिकांच्या संमतीचा. प्रेअरीसाठी राष्ट्रीय उद्यान व्हावे, ही मागणी अनेक दशके पशुपालकांच्या विरोधामुळे अडून राहिली होती. सरकार आपली जमीन गिळेल, अशी त्यांना धास्ती होती. १९९६ साली सुमारे ११ हजार एकरांचे संरक्षित क्षेत्र स्थापन झाले, ते सरकारी मालकी १८० एकरांपलीकडे जाऊ नये अशी अट कायद्यातच घालून. आज तेथील बहुतेक जमीन ‘नेचर कॉन्झर्व्हन्सी’ या खाजगी संस्थेची आहे आणि व्यवस्था राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे. हा धडा फेरी भरविणाऱ्यांनी विसरता कामा नये. शहरातून आलेल्या स्वाराला जो रस्ता निसर्गरम्य वाटतो, तो पशुपालकाचा कामाचा रस्ता असतो. त्यावरून त्याची गुरे आणि चाऱ्याच्या गाड्या जातात. त्याची सोय न पाहता काढलेली फेरी देणगी मिळवील, पण पुढचा करार गमावील. आणि करार देणारा तोच आहे.

या भूमीचे आणखीही एक ऋण आहे. ज्या कान्झा अथवा कॉ लोकांवरून राज्याला कॅन्सस हे नाव मिळाले, त्यांना १८७३ साली येथून हलवून आजच्या ओक्लाहोमात धाडण्यात आले. एम्पोरियाची शर्यत त्यांच्या नावाला हीन विशेषण जोडून वर्षानुवर्षे भरत होती. २०२० साली ते नाव बदलले. भूमीच्या जतनाची भाषा बोलणाऱ्यांना तिच्यावरून हुसकावलेल्या माणसांचा विसर पडावा, हे शोभणारे नव्हते. चूक सुधारली हे चांगले झाले. पण नाव बदलल्याने इतिहास फिटत नाही.

तात्पर्य, खडीवरच्या सायकलफेरीला तुच्छ लेखण्याचे कारण नाही आणि तिच्यावर फार मोठी आशा ठेवण्याचेही कारण नाही. जमलेल्या पैशातून समारंभाचा खर्च वजा जाऊन पाहणीसाठी व वणव्यासाठी किती उरले, याचा चोख हिशेब द्यावा. कुरणाच्या मालकाला आधी विचारावे. आणि स्वारांना वाटेवरच्या गवताची ओळख करून द्यावी. एवढे पाळले तर एका दिवसाची फेरी कायमच्या वचनाला उपयोगी पडू शकते. कायमचे वचन कागदावर लिहिले जाते खरे. पण ते टिकते ते दरवर्षी कोणीतरी पुन्हा त्याची विचारपूस करायला येते म्हणून.