विरजण

निवृत्तीनंतर काय करू नये याची एक यादी माझ्या मुलानं मला करून दिली होती. तीत मासे पाळणं नव्हतं. म्हणून गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत नातू नेवाशाला आला तेव्हा आम्ही दोघांनी हौसेनं काचेची टाकी आणली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. पाणी मावलं पन्नासएक लिटर. जन्म बँकेत गेल्यामुळे नीटनेटकेपणा माझ्या अंगात मुरलेला. टाकी तीनदा धुतली, वाळू उकळत्या पाण्यातून काढली, फिल्टरचा कोरा स्पंज नळाखाली खळबळून घेतला आणि सहा गोल्डफिश सोडले. चौथ्या दिवशी सकाळी एक मासा आडवा तरंगत होता. आठव्या दिवशी टाकी रिकामी झाली. पाणी मात्र आरशासारखं स्वच्छ होतं.

नातू रडला नाही. "आजोबा, आपण त्यांना काय केलं?" एवढंच त्यानं विचारलं. कर्ज नामंजूर झालेल्या माणसांचे प्रश्न मी नोकरीत पचवले आहेत. हा प्रश्न पचेना.

बाजारपेठेत एका शिंप्याच्या दुकानात वर्षानुवर्षं चालू असलेली टाकी आहे. मास्तरांना जाऊन सगळं सांगितलं. ते हसले. "साहेब, लई स्वच्छता केली तुम्ही." मग त्यांनी फिल्टरमधून एक तपकिरी, बुळबुळीत स्पंज काढून दाखवला. माझ्या घरी असता तर मी तो केव्हाच फेकून दिला असता. "टाकी ह्याच्यावर चालती," ते म्हणाले.

घरी येऊन मी पुस्तकं काढली. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो, उरलेलं खाणं कुजूनही तोच तयार होतो. बंद टाकीत हे विष साठत जातं. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही विषारीच, कारण माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद ते काढून घेतं. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. ते पुष्कळ सौम्य, आणि अधूनमधून थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. आपल्या भागात उसाला युरिया टाकतात. जमिनीत त्याचा आधी अमोनिया आणि मग पिकाला सहज घेता येणारं नायट्रेट होतं. ते करून देणारे जिवाणू याच जातकुळीचे. विनोग्राड्स्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं 1890च्या सुमारास त्यांचा छडा लावला. दोन्ही कामं एकटाच करणारा जिवाणूही असतो, हे 2015 साली उघड झालं, आणि तो सापडला तोही मत्स्यपालनाच्या एका फिल्टरमध्येच!

हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात. ते स्पंजला, सिरॅमिकच्या रिंगांना, तळाच्या खड्यांना चिकटून राहतात. म्हणून जुन्या टाकीचं नुसतं पाणी आणून उपयोग नाही, फिल्टरचा तुकडाच आणावा लागतो. कोऱ्या टाकीत त्यांची वस्ती आपसूक व्हायला चार ते सहा आठवडे जातात. आम्ही आठ दिवसही दिले नव्हते.

हे सगळं मी सौभाग्यवतींना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे विरजण न लावताच दही मागत होतात." चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या व्याख्यानाचा सारांश नेहमी त्यांनीच सांगितला आहे.

मला मात्र माझी बँक आठवली. आमच्या काळात नवं खातं उघडायचं तर जुन्या खातेदाराची ओळखीची सही लागे. सही देणाऱ्याची पत आम्ही आधी पाहत असू. इथंही तेच. ज्या टाकीतून स्पंज आणायचा तिथले मासे काही महिने निरोगी हवेत, नाहीतर अंगावर पांढरे ठिपके आणणारा रोग फुकट घरी येतो. देणाऱ्यालाही बुडवायचं नाही. त्याच्या फिल्टरचा तिसरा हिस्सा घेतला तरी पुष्कळ झालं. तुकडा त्याच्याच टाकीच्या पाण्यात, ओला ठेवून, तासाभरात आणायचा. नळाखाली धरायचा नाही, कारण पाणी शुद्ध करणारं क्लोरीन या जिवाणूंनाही मारतं. टाकीत भरायचं पाणीही क्लोरीन घालवूनच घ्यायचं. आणि पहिल्याच दिवशी गर्दी करायची नाही. जिवाणू आपल्या खाण्याच्या मानानंच वाढतात. पण मासे अजिबात नसले तर तेही उपाशी मरतात.

मास्तरांनी कात्रीनं स्पंजचा तुकडा कापून डब्यात दिला. तो आमच्या फिल्टरमध्ये बसवला आणि तीन गप्पी सोडले. नातू रोज चिमटीनं खाणं मोजून टाकी आणि किटनं अमोनिया तपासून वहीत आकडा लिही. मी खाली सही करी. सुट्टी संपली तेव्हा तिन्ही मासे पोहत होते. महिन्याभरानं आणखी चार आणले.

दिवाळीच्या आधी मास्तर दारात उभे. दुकानाला रंग द्यायला टाकी हलवली होती, मासे पिंपात ठेवले होते आणि पंप दोन दिवस बंद राहिला होता. वाहतं पाणी नाही, म्हणजे प्राणवायू नाही. त्यांच्या स्पंजला वास येत होता. "साहेब, तुमच्याकडचा तुकडा..." एवढं बोलून ते थांबले. मागायचा त्यांना संकोच वाटत होता.

सुट्टीला आलेला नातू आतून कात्री घेऊन आला. तिसरा हिस्सा त्यानं पट्टीनं मोजला.

ज्या गावात शके 1212 मध्ये गीतेच्या 700 श्लोकांतून नऊ हजारांच्या आसपास मराठी ओव्या उभ्या राहिल्या, तिथं जुन्यातून नवं उगवण्याचं नवल कोणी करू नये. मला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. मास्तर डबा घेऊन गेल्यावर नातवानं वही उघडली आणि लिहिलं, 'आज परत दिलं.' मग सहीसाठी वही माझ्यापुढं धरली.