केबलवरून लेबलवर

हार्ड डिस्कचं नाव पूर्वी केबलवरून ठरायचं. पहिल्या आयडीई केबलवरची मास्टर ती एचडीए, स्लेव्ह ती एचडीबी. दुसऱ्या केबलवर एचडीसी, एचडीडी. भिंगारच्या आमच्या दुकानात हे फार नडायचं. कॅन्टोन्मेंटमधली निम्मी गिऱ्हाइकं बदलीची. ट्रकमधून आदळत आलेल्या कॅबिनेटमध्ये केबल निसटलेली असायची. कुणी ती भलत्याच खाचेत खोचली, की एचडीएची एचडीसी व्हायची आणि लिनक्स आपलं मूळ पार्टिशन, म्हणजे रूट, शोधत बसायचं.

रेड हॅटनं मग फाइल सिस्टिमवरच लेबल लिहायला सुरुवात केली. डिस्क कुठंही जोडा, नाव तेच. पण त्यांचा इन्स्टॉलर सगळ्यांच्याच रूटला एकच लेबल द्यायचा, नुसती तिरपी रेघ! 'यातले फोटो नव्यात टाका भाऊ' म्हणत कुणी जुनी डिस्क आणली आणि ती तशीच जोडली, की एका नावाचे दोन दावेदार, आणि मशीन अडून बसलंच. आधी ई-टू-लेबलनं जुनीचं नाव बदलायचं, हा दुकानातल्या पोरांचा पहिला धडा. या लेबलात जागा सोळा बाइटांची. देवनागरीत 'नगर' नऊ बाइटांत बसतं, 'भिंगार'ला अठरा लागतात. त्यामुळं आमची लेबलं रोमनमध्येच राहिली.

नावाखेरीज दुसरी कटकट स्वॅपची, म्हणजे रॅम कमी पडली की डिस्कवर वापरायच्या जागेची. तो रॅमच्या दुप्पट ठेवायचा, हा तेव्हाचा दंडक. ६४ एमबी रॅमला तो शोभायचा. जुन्या पद्धतीच्या स्वॅपला १२८ एमबीची मर्यादाच होती, ती १९९९च्या २.२ कर्नलच्या पिढीत सुटली. पुढं चार जीबी रॅम आली तरी लोक आठ जीबी स्वॅप कापून ठेवत. निव्वळ सवय, दुसरं काही नाही.

२००६मध्ये उबुंटू ६.१०नं नावासाठी यूयूआयडी हा क्रमांक धरला, पुढच्या वर्षी फेडोरा ७मध्ये आयडीई डिस्काही एसडीए झाल्या. नाव आता कुणाशी जुळणार नाही, पण छत्तीस अक्षरांचा तो क्रमांक फोनवर सांगून दाखवा! शिवाय शेजारी दुसरं लिनक्स टाकलं, की त्याचा इन्स्टॉलर सामाईक स्वॅप नव्यानं फॉरमॅट करायचा आणि क्रमांक बदलायचा. सिस्टिमडी आल्यापासून पहिलं लिनक्स मग सुरू होताना जुन्या स्वॅपची नव्वद सेकंद वाट पाहतं. गिऱ्हाइकाला वाटतं, डिस्क गेली. बीएलकेआयडीनं नवा क्रमांक काढून एफएसटॅबमध्ये घातला, की काम झालं.

२०१७च्या उबुंटू १७.०४पासून नव्या इन्स्टॉलमध्ये पार्टिशनऐवजी स्वॅप फाइल येते, २०२०च्या फेडोरा ३३पासून झेडरॅम. झेडरॅम म्हणजे रॅममध्येच दाबून ठेवलेला स्वॅप. वीज गेली की तोही गेला. म्हणून लॅपटॉप हायबरनेट करायचाच म्हणणाऱ्याला डिस्कवर रॅमएवढा स्वॅप आजही काढून द्यावा लागतो.